पातळ सरस

३ तारीख, मंगळवार

या वहीत मी कामं लिहितो. कोणतं वाद्य आलं, काय मोडलं होतं, कधी परत गेलं. आज एकही वाद्य आलं नाही. तरी लिहितो आहे.

संध्याकाळी मास्तर आला, माझा व्हायोलिन वाजवणारा मित्र. चहा नको म्हणाला. स्टुलावर बसून कपाटाच्या काचेकडे बघत राहिला. आत हिचं, माझ्या बायकोचं, व्हायोलिन टांगलेलं आहे. मग म्हणाला, "तुझ्या लेकीने निरोप दिलाय."

ही गेल्यापासूनच्या सहा वर्षांतला पहिला. मी हातातली कानस चालवत राहिलो.

लेक आणि जावई मिळून खानावळ काढतायत. व्हीगन. "मांस नाही, दूध नाही, अंडं नाही, मधसुद्धा नाही," मास्तर बोटं मोजत म्हणाला. वीस तारखेला पहिली संध्याकाळ. लोक जेवतील, समोर गाणं-वाजवणं चालेल. मास्तरने वाजवायचं, हिच्या व्हायोलिनवर.

"आणि मी?"

"तूही यायचंस. मित्रांबरोबर या म्हणाली, एकटे नको."

"आणखी काही म्हणाली?"

"दुरुस्तीला नवीन जे लावशील ते जनावराचं नको. तार, गजाचे केस, सरस. जुनं आहे ते आहे, म्हणाली. नवीन घालू नका."

सरस म्हणजे कातडी आणि हाडं उकळून केलेला गोंद. बेचाळीस वर्षं माझ्या टेबलावर त्याचं भांडं गरम पाण्यात बसलेलं आहे. मी म्हणालो, सोपं आहे.

मास्तर गेल्यावर सावकाश लक्षात आलं की सोपं नाही.


५ तारीख, गुरुवार

व्हायोलिन उतरवलं. सहा वर्षं सुकत टांगल्याने डाव्या बाजूचा सांधा सुटलाय, आतला एक ठोकळाही हलतो. वरची फळी काढावीच लागेल.

सुरी पातळ असावी आणि घाई नसावी, एवढंच या कामाचं शास्त्र. वरची फळी आम्ही मुद्दाम पातळ सरसाने चिकटवतो. लाकूड ताणलं की सरसाने आधी सुटायचं, म्हणजे लाकूड तडकत नाही. सुटलेलं परत लावता येतं. तडकलेलं लागत नाही. हे मी लेकीला ती नऊ वर्षांची असताना शिकवलं होतं. तिचा सांधा माझ्यापेक्षा बरा बसायचा.

फळी निघाली. आत पाठीवर हिचं अक्षर, पेन्सिलीचं. विसरलो होतो असं म्हणवत नाही, पण पाहिलं नव्हतं. हे व्हायोलिन हिच्यासाठी केलं तेव्हा बंद करायच्या आधी म्हणाली, मला काहीतरी लिहू दे. मला वाटलं, नाव लिहील. लिहिलं: कांदे, बटाटे, साबण. विसरू नकोस.

साबण त्या दिवशीही राहिलाच.

दिव्याखाली बराच वेळ धरून बसलो.


८ तारीख, रविवार

तारांचा प्रश्न मिटला. आतड्याच्या काढल्या, पोलादी बसवल्या. गजाचे घोड्याचे केस काढून नायलॉनचे लावले. मानेवरची हाडाची पट्टी होती, तिच्या जागी शिसवीची केली. गजाला घासायची राळ झाडाचीच असते. आमच्या धंद्यात तेवढी एकच वस्तू निरपराध.

गोंद उरला. झाडाचा डिंक आणून चार तऱ्हेने उकळला. भंगार फळ्यांवर चार सांधे लावलेत. तीन दिवस ठेवायचे.

कंडक्टर येऊन बसला. बसच्या नोकरीतून आता निवृत्त आहे, पण खोलीत शिरला की आधी डोकी मोजतो. "एक," म्हणाला. मग भांड्यात वाकून, "काय रे मिस्त्री, खीर?"

"डिंक."

"लेकीसाठी?"

"व्हायोलिनसाठी."

"तेच विचारलं मी."


११ तारीख, बुधवार

तिचा फोन आला. तिचा स्वतःचा. मी उभाच होतो, तरी उभा राहिल्यासारखं वाटलं.

"बाबा, काम जमतंय ना? नसेल जमत तर सांगा. मास्तरकाका स्वतःचं आणतील."

सांगा म्हणाली. लहानपणी मला अरे-तुरे करायची. ही रागवायची, मला आवडायचं.

"जमतंय की," मी म्हणालो. "झालंच समज."

"नक्की?"

"नक्की."

चारही सांधे सकाळीच हातात आले होते, बिस्किटासारखे.


१४ तारीख, शनिवार

झोप नाही.

लिहितो, कारण कुणाला तरी सांगायला हवं. एकोणीस वर्षांची असताना तिने मांस सोडलं. त्या वर्षी आजारी पडली, उठून उभं राहवेना. मी हाडांचं पाणी काढून भाज्यांचं सूप म्हणून दिलं. चार दिवस प्यायली, तरतरी आली. पाचव्या दिवशी वाटी नाकाशी नेली आणि म्हणाली, याला तुमच्या भांड्याचा वास येतोय. सरसाच्या. वाटी खाली ठेवली. ओरडली नाही. आठवडाभर फक्त स्वतःच्या हाताने करून खाल्लं.

ते मी तिच्या भल्यासाठी केलं होतं. आजही करीन.

आणि हिचं. ही आजारी पडली तेव्हा लेक लांब होती, शेवटची परीक्षा चालू होती. रोज फोन करायची. मी सांगायचो, साधा ताप आहे. परीक्षा झाली की सांगू, असं ठरवलं. एकट्याने ठरवलं. परीक्षा संपायला नऊ दिवस होते. हिला सहाच मिळाले.

मी खोटं बोललो नाही. ताप होताच.


१७ तारीख, मंगळवार

दुकानातून पांढऱ्या गोंदाची बाटली आणली. कारखान्यातला, जनावराचा संबंध नाही. सुतार लोक वापरतात. धरतो तर असा धरतो की लाकूड फाटेल, पण सांधा सुटणार नाही.

तोच त्रास आहे. या गोंदाने बंद केलेलं व्हायोलिन पुन्हा उघडत नाही. फळी फोडल्याशिवाय आत जाता येत नाही. माझ्या उस्तादाने असं व्हायोलिन आलं की ते हातात न घेता परत पाठवलेलं मी पाहिलंय. मेलेलं आहे म्हणायचा.

बाटलीचं तोंड कापलं. ब्रश बुडवला. आत कांदे, बटाटे, साबण.

ब्रश धुऊन टाकला.

परवानंतर वीस तारीख. तिला फोन करून सांगता येईल की जमत नाही. मग मास्तर स्वतःचं नेईल, हिचं व्हायोलिन कपाटात राहील, आणि मी कोणत्या तोंडाने जाऊ? व्हायोलिनशिवाय बोलावलं असतं का तिने मला? हा प्रश्न दिवसभर माझ्याबरोबर खोलीत होता.


१८ तारीख, बुधवार

सरस लावला.

खिडक्या उघड्या ठेवून, पहाटे, चोरासारखा. पातळच लावला, वरच्या फळीला लावतात तसा. हाताला दुसरं येत नाही. बत्तीस क्लॅम्प. कडेने ओघळलेला गरम फडक्याने पुसला, दोनदा. मग पूर्ण व्हायोलिनवर राळेचं तेल फिरवलं, वासासाठी.

कुणाचं काय बिघडलं? चमचाभर सरस. जनावर कधीचंच मेलेलं. ती विचारील, मी पांढरा गोंद म्हणेन, ती ऐकेल, मास्तर वाजवेल, ती माझ्या शेजारी येऊन बसेल. वाईट कोणाचं झालं?

टेबलावर बाटली ठेवलीय. तोंड कापलेली. कोणी आलं तर दिसावी म्हणून.


२० तारीख, शुक्रवार, दुपार

आत्ताच देऊन आलो. संध्याकाळी सातला परत जायचंय.

जागा लहान आहे, स्वच्छ. आठ टेबलं, भिंतीला लागून बाक, कोपऱ्यात वीतभर उंचीचा मंच. ती पाट्यांवर खडूने पदार्थ लिहीत होती. केसांत थोडा पांढरा रंग आलाय. मला वाटलं खडू लागलाय.

जावई आतून आला. उंच, हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. वाकून नमस्कार करायला लागला तर मी अडवलं. बरा वाटला.

तिने पेटी उघडली, वाकली. तशीच थोडा वेळ राहिली. मग विचारलं, "कोणता गोंद लावलात?"

"पांढरा. बाटलीतला."

"असं." झाकण लावलं. "बाबा, आणखी काही सांगायचंय?"

"जागा छान आहे," मी म्हणालो.

तिने सूप चाखायला दिलं. भोपळ्याचं, वर काजूचं दूध. घशाखाली उतरलं, चव कळली नाही. "उत्तम," मी म्हणालो. "असं मी कधी खाल्लं नाही." ती माझ्याकडे बघत होती. मग चमचा घेऊन गेली.

काळजीने विचारत होती. सगळं ठीक होणार असं वाटतंय. शर्टाला इस्त्री करतो.


२१ तारीख, शनिवार

काल रात्री लिहवलं नाही. सगळं जसं झालं तसं लिहितो.

आम्ही तिघे सातला पोचलो. दारात कंडक्टरने मोजले, "बसून अडतीस, उभे सहा. जागा आहे, पुढे सरका." मास्तर मंचाकडे गेला. आम्हाला मधलं टेबल होतं. तिने निवडलं होतं, जावयाने सांगितलं.

मंचामागे एक फळी आहे, फळीला लागून स्वयंपाकघराची खिडकी, ताटं बाहेर येतात ती. मास्तरने तारा जुळवल्या आणि व्हायोलिन त्या फळीवर ठेवलं. आधी गिटारवाल्या मुलीचं गाणं होतं, मग त्याचं.

खिडकी उघडी होती. आत तीन मोठी पातेली उकळत होती. दर वेळी ताट बाहेर आलं की वाफेचा लोट त्याच्याबरोबर यायचा, फळीवर पसरायचा, व्हायोलिनच्या अंगावरून वर जायचा.

सरस वाफेला मऊ पडतो. आम्ही सांधे सोडवतो तेच वाफेने.

उठून व्हायोलिन हलवावं एवढंच करायचं होतं. पण पांढऱ्या गोंदाला वाफेची भीती नसते. ती समोर उभी होती. ती माझ्या टेबलाशी वाढलेली आहे, तिला कोणता गोंद कशाला भितो हे माहीत आहे. मी हात लावला असता तर का, ते तिला कळलं असतं.

सूप आलं. भाजलेली फुलकोबी आली, अक्रोड आणि लिंबू घालून. मसुराचे वडे, बीटची चटणी, गरम पाव. कंडक्टरने पावावर काहीतरी पांढरं लावलं, खाल्लं आणि लेकीला हाक मारली.

"बाई, हे लोणी कशाचं?"

"काजूचं, काका."

"आणि कॉफीतलं दूध?"

"बदामाचं."

"बदाम पिळायचा म्हणजे केवढा धीर पाहिजे. गाय निदान उभी राहते."

ती हसली. आवाज करून हसली. सहा वर्षांनी ऐकत होतो आणि माझं लक्ष फळीवर होतं. ताट. वाफ. ताट. वाफ.

गिटारवाली मुलगी छान गात असणार, लोक तिच्याबरोबर ताल धरत होते. शेजारच्या टेबलावरची बाई डोळे मिटून डोलत होती. कंडक्टर बोटांनी टेबल वाजवत होता. मी एकदा जावयाला म्हणालो, खिडकी लावून घ्या, गाण्यात भांड्यांचा आवाज येतो. तो बरं म्हणाला, ताट आलं, तो गेला. एकदा मंचाकडे निघालो, तर मास्तरने हाताने खूण केली, बस खाली. चाळीस मिनिटं. दुसऱ्यांदा सूप वाढलं, प्यायलो. काही चव नव्हती.

मग मास्तर उभा राहिला. हिची आवडती धून घेतली. पहिलं कडवं सरळ गेलं. मला वाटलं, वाचलो. लेक दिव्याच्या बटणाशी उभी होती, ओठ हलत होते.

दुसऱ्या कडव्यात खालच्या तारेवर खरखर सुरू झाली. कागदाच्या तुकड्यात माशी अडकावी तशी. मास्तरने जोर कमी केला. खरखर वाढली. मग टक्‌ असा आवाज झाला आणि व्हायोलिनची वरची फळी हनुवटीपासून अर्ध्यापर्यंत उचलली.

मास्तर थांबला. कोणीतरी टाळी वाजवली, संपलं समजून.

ती मंचावर गेली. व्हायोलिन हातात घेतलं. उघडा सांधा नाकाशी नेला, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. खाली उतरली आणि थेट आमच्या टेबलाशी आली.

"काय झालं हे?"

"दमट हवा," मी म्हणालो. तोंड आपोआप बोललं. "नवीन गोंदाचं असं होतं कधीकधी."

कंडक्टरने चमचा खाली ठेवला.

"बरं," ती म्हणाली. व्हायोलिन घेऊन आत गेली. गिटारवाल्या मुलीने पुन्हा गायला सुरुवात केली. नंतर गोड आलं, सगळ्या टेबलांना तिने स्वतः वाढलं. आमचं जावयाने आणलं.


२२ तारीख, रविवार

दार उघडलं नाही. कंडक्टर खिडकीतून बोलला.

"मिस्त्री, जा आणि सांग तिला."

"काय सांगू?"

"तिकीट नाही म्हणून सांग. एकतीस वर्षं मी हेच बघितलं. जो म्हणायचा तिकीट काढलं नाही, त्याला मी कधी उतरवला नाही. जो खिसे चाचपत बसायचा ना, त्याला उतरवायचो."

"आणि तिने उतरवलं तर?"

"आत्ता तू कुठे बसलायस?"

तो गेला. सरसाच्या भांड्याखालचा दिवा विझवला. बेचाळीस वर्षांत सुट्टीखेरीज पहिल्यांदा.

आता आठवतंय, दुपारी पेटीवर वाकली तेव्हा ती बराच वेळ वाकलेली होती.


२३ तारीख, सोमवार

सकाळी गेलो. खानावळ बंद, मागचं दार उघडं. जावई गाजरं सोलत होता. मला बघून सोलाणं ठेवलं, टोपली उचलली आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसला.

ओट्यावर, गाजरांच्या सालींशेजारी, हिचं व्हायोलिन. चोहोकडून क्लॅम्प. सुताराचे, जड, पण प्रत्येकाखाली बुचाचा तुकडा ठेवलेला. अंतर सारखं. बाजूला पांढऱ्या गोंदाची बाटली.

काय सांगायला आलो होतो ते राहिलं. "हे आता उघडणार नाही," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"आत बघितलंस?"

"अर्धी फळी सुटलेलीच होती, बाकीची सुरीने सोडवली." हात पुसत राहिली. "आईचं अक्षर."

"मग बंद का केलंस? असं कायमचं?"

"वाजायला नको का ते?"

पायरीवर गाजरांचा आवाज चालू होता. मी म्हणालो, "सरस होता तो."

"पेटी उघडली तेव्हाच वास आला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून. तीनदा विचारलं."

मला दोनदाच आठवत होतं. तिसऱ्यांदा, 'आणखी काही सांगायचंय?', ते आता लिहिताना आठवलं.

तिने ओट्याला पाठ टेकली. माझ्याकडे बघितलं नाही, क्लॅम्पांकडे बघत विचारलं, "आई माझ्याबद्दल विचारायची का? त्या दिवसांत?"

सहा वर्षांपूर्वी याच प्रश्नाला मी सांगितलं होतं, ती झोपूनच असायची, तिला काही कळत नव्हतं. ते उत्तर तोंडात तयार होतं. झिजून गुळगुळीत झालेलं. ते दिलं असतं तर ती 'बरं' म्हणाली असती. मला तिच्या 'बरं'ची भीती वाटली.

"रोज," मी म्हणालो. "सकाळी उठली की पहिलं तेच."

"तू काय सांगायचास?"

"निघालीय म्हणायचो. वाटेत आहे, पोचेल."

"सहा दिवस?"

"सहा दिवस. शेवटच्या दिवशी म्हणाली, गाडी लांबची असेल."

लेक खाली बसली, सालींमध्ये, जमिनीवर. रडली नाही. तोंडावर हात धरून श्वास घेत राहिली. मी काय करावं मला कळेना. वाटलं, हे सांगायला नको होतं. माझंच बरोबर होतं, हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतंच.

मग म्हणाली, "आत्ता जा."

दारापर्यंत गेलो तर मागून म्हणाली, "गोंद उद्या दहापर्यंत धरेल. क्लॅम्प काढायला दोन माणसं लागतात."

जावई आहेच की, असं म्हणणार होतो. म्हणालो नाही. तिने मला घालवून दिलं एवढं खरं. सगळं गेलं. गाडी लांबची असेल, हे वाक्य मी सहा वर्षं एकट्याने ठेवलं होतं. आता तिच्याकडेही आहे.


२४ तारीख, मंगळवार

दहाला गेलो. ती वाट बघत होती की काम करत होती, कळलं नाही. डोळे सुजलेले.

एका बाजूने तिने, एका बाजूने मी, एकेक करून क्लॅम्प सैल केले. स्क्रू फिरवायचा वेग दोघांचा सारखा, तो मीच लावलाय.

खिशातून पातळ सुरी काढली. सांध्यावरून सगळीकडे फिरवली, वरून, कमरेत, खालून. कुठेच शिरली नाही. कांदे, बटाटे, साबण आता कोणालाच दिसणार नाही.

"कसं झालंय?" तिने विचारलं.

उत्तम म्हणायला तोंड उघडलं होतं.

"उजव्या कोपऱ्यात गोंद जास्त लागलाय," मी म्हणालो. "ओघळ दिसतोय. घाई केलीस."

खरंच दिसत होता.

तिने वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ओलं फडकं माझ्या हातात दिलं आणि चाखायला सूप आणते म्हणाली.